आमच्या घरातली आडवी बाटली

काचेच्या बाटल्यांना तोंड फार. टॉवेलात गुंडाळा, मधे मोजे कोंबा, वर पुस्तकं दाबा, एसटीनं एक खड्डा घेतला की त्या बोलायच्याच. मग शेजारची बाई हसून विचारायची, "लोनचं घेऊन चालली का वं पोरी?" मी म्हणायचे, "हो मावशी, लोणचं." दर शनिवारी मी अमरावतीहून अकोट आणि अकोटहून हिवरखेड असं लोणचं घेऊन जात होते. लोणचं आईनं पोरीला पाठवायचं असतं, पोरीनं आईला नाही, हे एसटीतल्या एकाही बाईच्या लक्षात आलं नाही हे माझं नशीब.

बाटल्यांत बिअर होती. अगदी हलकी, नावापुरती दारू असलेली, पण बाटली बिअरचीच आणि लेबलही बिअरचंच. ती माझ्या बाबांचं औषध होती. हे वाक्य आज लिहिते आहे तेवढ्या सहज तेव्हा माझ्या तोंडून निघत नव्हतं. मी अमरावतीत स्पर्धा परीक्षेच्या क्लासला होते. उपचार केंद्रातून बाटल्या आणल्या की खोलीवर येऊन मी त्या बॅगेत घालायचे आणि बॅगेला कुलूप लावायचे. सोबत राहणाऱ्या करिश्मानं एकदा विचारलं, "सोनं ठेवलं का आत?" मी तिच्यावर उगाच खेकसले. पुढं बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

बाबांचं नाव शेषराव. हिवरखेडला आमचा पानमळा आहे. पानाच्या वेलीला शेषरावसारखा हात लावणारा माणूस आसपासच्या गावांत नाही, असं लोक म्हणायचे आणि लगेच पुढं जोडायचे, "पन काय करता, पेते." दोनदा त्यांना व्यसनमुक्तीला ठेवलं. दोन्ही वेळा ते गाईसारखे गरीब होऊन घरी आले, सकाळी अंघोळ करून मळ्यात जायला लागले, आणि दोन्ही वेळा एका संध्याकाळी कुणीतरी त्यांना मोटरसायकलवर मधे धरून घरी आणून टाकलं. दुसऱ्या वेळी ते उंबऱ्यातच पडले. आईनं त्यांना उचललं नाही. मी उचललं.

तिसऱ्यांदा त्यांना अमरावतीच्या डॉक्टर नीलम मॅडमकडं नेलं. बाई तुटक बोलणाऱ्या, पण गोड बोलून फसवणाऱ्या नाहीत. "हे सगळ्यांना चालत नाही," त्या म्हणाल्या. "काहींना एक थेंबही नको. पण यांचं दोनदा एकदम तोडून पाहिलं, दोनदा फसलं. आता हळूहळू खाली आणू." आधी वॉर्डात गोळ्या आणि देखरेख, मग मोजून हलकी बिअर, मग आणखी हलकी, आणि शेवटी काहीच नाही. बाबा इतका वेळ जमिनीकडं पाहत होते. त्यांनी पहिल्यांदा मान वर केली.

"म्हंजे आमी वेल उतरवतो तसं, मॅडम. पानाची वेल फार वर गेली का आमी तिले तोडत नाई. बांध सोडतो अन् खाली मातीत घेतो."

"तसंच," मॅडम म्हणाल्या. "उतरवायची."

घरी गेल्यावर रोज दिवेलागणीला एक ग्लास, घरातल्या एकाच माणसाच्या हातून, त्याच्या डोळ्यांसमोर. बाहेर थेंब नाही. ते माणूस म्हणजे आई, हे तिथंच ठरलं. निघताना मॅडम आईला म्हणाल्या, "गावभर सांगत फिरा असं म्हणत नाही. पण लपवून देऊ नका. लपवून दिली की ती परत दारूच होते." आईनं मान हलवली. मान हलवायला आईचं काही जात नाही.

आता आईचं सांगायला हवं. आई म्हणजे सत्यवतीबाई, गावाच्या तोंडी 'आडवी बाटलीवाल्या बाई'. दारूचं दुकान बंद करायचं असलं की तिथल्या बायांचं मतदान घेतात. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. आमच्या वॉर्डातलं देशीचं दुकान बंद करायला आई दारोदार फिरली. म्हाताऱ्या बायांना चित्र कळायचं नाही, म्हणून ती पदराखालून तेलाची रिकामी बाटली काढायची, ओट्यावर उभी करायची आणि थप्पड मारून पाडायची. "अशी पाडाची," म्हणायची. आणि वर एक वाक्य ठरलेलं असायचं, "माह्या घरात बाटली उभी राहनार नाई." बाया टाळ्या वाजवायच्या. शेषराव कोण हे साऱ्यांना ठाऊक होतं, नवरा पितो म्हणूनच तिच्या शब्दाला वजन होतं.

दुकान बंद झालं. त्यानंतर बाबा अमरावतीहून परत आले ते न झोकांडता, सरळ चालत. सव्वीस जानेवारीला महिला मंडळानं आईला शाल आणि नारळ दिला. तिथं तिला म्हणता आलं असतं की इलाज सुरू आहे. कुणी काही वाईट म्हटलं नसतं. पण माईक हातात आल्यावर ती म्हणाली, "माह्या नवऱ्यानं सोडली. तुमचेही सोडतीन." टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेत बाबा खुर्चीच्या कडेवर बसले होते, आणि त्याच संध्याकाळी त्यांना ग्लास द्यायचा होता. मी आईकडं पाहिलं. तिनं शाल खांद्यावर सारखी केली.

त्या दिवसापासून आमच्या घराचं दार दिवेलागणीला लागायला लागलं. त्या वेळी आमच्याकडं कुणी दार लावत नाही, लक्ष्मी यायची वेळ असते. लहानपणी मी चुकून दार लोटलं तर आई पाठीत धपाटा घालायची. आता तीच देवापुढं दिवा लावायची, मग दाराला आतून कडी घालायची, मग पलंगाखाली वाकायची. बाटल्या तिथं होत्या, मंडळाच्या सतरंजीच्या घडीमागं, एकीला एक लागून आडव्या. मी म्हटलं होतं, "कपाटात उभ्या ठेव ना, कुलूप लाव."

"माह्या घरात बाटली उभी राहनार नाई, सांगतलं ना."

मला वाटलं, चेष्टा करते. चेष्टा नव्हती. साऱ्या गावाला दिलेला शब्द ती पलंगाखाली का होईना, पाळत होती.

ग्लास भरला की ती पदर नाकाला लावायची, तोंड भिंतीकडं करायची आणि हात मागं करून ग्लास पुढं धरायची. बाबा तो घ्यायचे. भट्टीवर ते मांडी ठोकून प्यायचे, गाणी म्हणायचे, येताना अर्ध्या गावाला शिव्या द्यायचे, तेव्हा त्यांना कधी लाज वाटली नाही. औषध मात्र ते चोरासारखे प्यायचे. दोन घोटांत ग्लास संपवायचा, स्वतः मोरीत नेऊन विसळायचा, पालथा घालायचा, आणि मग जाऊन दाराची कडी काढायची. एकदा ते म्हणाले, "प्रतीक्षाची माय, एखांद्या दिवशी माह्याकडे पाहून तरी दे वो."

"पाहन्यासारखं काय हाय?" आई म्हणाली.

मला आईची चीड आली आणि कीवही आली. मी उठून आतल्या खोलीत गेले.

पण उतरत होतं, हे खरं. बाबांच्या हाताची थरथर थांबली. मळ्यात वेली उतरवायचं काम निघालं तेव्हा दिवसभर उकिडवं बसून त्यांनी वाफेच्या वाफे स्वतः केले. पिशवीतल्या बाटल्या कमी व्हायला लागल्या, ग्लासावर आखलेली मापाची रेघ खाली सरकली. मॅडम फोनवर म्हणाल्या, "आता थोडंच राहिलं. पण हेच अवघड असतं. इथं घसरले तर चौथ्यांदा ते माझ्याकडं येणार नाहीत." मी हे आईला जसंच्या तसं सांगितलं. तिनं मान हलवली.

तेवढ्यात बातमी आली की स्टँडजवळ कुणीतरी बिअर शॉपी काढतो आहे. बाया पेटल्या. बैठक ठरली आमच्याच घरी, रविवारी दुपारी. मी आदल्याच दिवशी बाटल्या आणून पलंगाखाली सरकवल्या होत्या. आई चहा करायला आत गेली, बाया येऊन उभ्या राहिल्या आणि बसायला काही अंथरलेलं नव्हतं. मनकर्णाकाकू आमच्या शेजारी राहतात, मंडळात आईचा उजवा हात. सतरंजी कुठं असते हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. "थांबा, मी काढते," असं मी म्हणेपर्यंत त्या पलंगाखाली वाकल्या होत्या, आणि घडीचं टोक धरून त्यांनी सतरंजी हिसडली.

उभी बाटली फार तर पडली असती, तिथंच पलंगाखाली. आडवी बाटली घरंगळते. आमची फरशी दाराकडं जरा उतरती आहे, धुतल्यावर पाणी बाहेर जावं म्हणून. एक बाटली सतरंजीसोबत बाहेर आली आणि सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखी, बायांच्या पायांमधून निघाली. बाया विंचू पाहिल्यासारखे पाय उचलून तिला वाट देत होत्या. उंबऱ्याला लागून ती थांबली. मागून दुसरी आली आणि पहिलीवर आपटली. कुणीतरी तोंडाला पदर लावून हसलं आणि लगेच गप्प झालं. समोरच्या भिंतीवर आईचा शाल घेतलेला फोटो होता.

आई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली.

"सत्यवतीबाई," मनकर्णाकाकू म्हणाल्या, "हे काय व्हय?"

आईच्या हातातले कप वाजायला लागले. मला वाटलं, आता ती सांगेल. एक वाक्य पुरलं असतं. औषध आहे, डॉक्टरनं दिलं आहे. माझ्याही जिभेवर ते आलं होतं, पण आईनं माझ्याकडं असं पाहिलं की मी ते गिळलं.

मागच्या दारात बाबा उभे होते. मळ्यातून आले होते, हाताला माती होती. त्यांनी उंबऱ्यातल्या बाटल्या पाहिल्या, बाया पाहिल्या, आईच्या हातातले कप पाहिले.

"माह्या व्हय त्या," ते म्हणाले. "मी चोरून आनल्या. इले काई मालूम नाई. पोरीलेही नाई."

बाबा आयुष्यभर खोटं बोलत आले. भट्टीवर असायचे आणि मळ्यात होतो म्हणायचे. उभं राहता यायचं नाही आणि घेतलीच नाही म्हणून शपथा खायचे. ते सारं स्वतःला वाचवायला. शुद्धीत राहून, दुसऱ्या कुणासाठी ते पहिल्यांदाच खोटं बोलले, आणि नेमकं तेच सगळ्यांना खरं वाटलं.

आई काय करते याची मी वाट पाहत होते. अजूनही वेळ गेली नव्हती. तिनं ट्रे खाली ठेवला.

"लाज नाई वाटत तुमाले?" ती बाबांना म्हणाली. आवाज सभेतला होता.

"वाटते," बाबा म्हणाले.

काकू पुढं झाल्या. "फोडा, बाई. तुमच्याच हातानं फोडा, आमच्या म्होरं." मग साऱ्याच म्हणायला लागल्या, फोडा, फोडा. आई पलंगाखाली वाकली आणि एकेक करून सगळ्या बाटल्या तिनं बाहेर काढल्या. अंगणात कपडे धुवायचा दगड आहे, त्यावर नेऊन आपटल्या. मी एसटीत मांडीवर धरून आणलेलं लोणचं सगळं त्या दगडावर गेलं. फेस पसरला, वास सुटला, एका काचेनं आईचं बोट कापलं ते तिला कळलंसुद्धा नाही. बाबा तुळशीपाशी मान खाली घालून उभे होते. मनकर्णाकाकू जाता जाता त्यांच्या पायाजवळ थुंकल्या. मग आईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "तुमचंच मन मोठं, बाई. असा मानूस पदरी पडला." आईनं तेही ऐकून घेतलं. बाया घोषणा देत गेल्या आणि चहा तसाच निवून गेला.

इतकी शरम मला बाबा उंबऱ्यात पडले होते तेव्हाही वाटली नव्हती. तेव्हा ती बाबांची होती, आता माझी होती.

दिवे लागले. आईनं देवापुढं दिवा लावला, सवयीनं दार लावायला गेली आणि मधेच थांबली. लावायचं कारण उरलं नव्हतं. बाबाही सवयीनंच आपल्या जागी येऊन बसले होते. मी मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. "इतक्या खाली आल्यावर शरीराला फार त्रास होऊ नये," त्या म्हणाल्या. "तरी घाम सुटला, थरथर दिसली तर सरळ दवाखाना. आणि त्यांना एकटं सोडू नका. उद्या काही करून आणा. अमरावती लांब पडेल, अकोल्याला जुन्या शहरात एका दुकानात ती मिळते."

बाबांनी ऐकलं होतं. ते उठून आतल्या खोलीत गेले. "बाहेरून कडी लाव," ते आईला म्हणाले. "तुह्यावर राग नाई माहा. पन गावात नाव तं झालंच हाय आता. नाव झाल्यावर प्याले किती वेळ लागते? लाव कडी."

आईचा हात उचलला नाही. कडी मी लावली. खिडकी उघडी होती, तिच्याजवळ मी खुर्ची घेऊन बसले आणि आई बाहेर ओट्यावर जाऊन बसली. रस्त्यानं जाणाऱ्या दोन बाया थांबून म्हणाल्या, "बरं केलं बाई, कोंडून टाकलं ते." त्या गेल्यावर आई माझ्याकडं न पाहता म्हणाली, "मले वाटे का त्यायले लाजच नाई. घरातली सारी लाज मीच वाहून राहिली असं वाटे." कापलेल्या बोटाला तिनं पदराचं टोक गुंडाळलं.

सकाळी आम्ही तिघंही अकोल्याच्या गाडीत बसलो. बाबांना घरी एकटं ठेवायचं नव्हतं, आणि अकोटात बघू म्हटलं तर तिथं सारं हिवरखेड बाजाराला असतं. अकोल्यात आपल्याला कोण ओळखतं, असं आईला म्हणायचं होतं, पण ते काही तिला म्हणता आलं नाही. तिचं माहेर अकोल्याचंच, जुन्या शहरातलं. मोर्णा नदीचा पूल ओलांडला तसा तिनं माझा स्कार्फ मागितला आणि आम्ही पोरी गाडीवर बांधतो तसा तोंडाला गुंडाळला. नऊवारीच्या वर तो स्कार्फ असा दिसत होता की न बघणारेही बघायला लागले. दुकान निघालं तिच्या माहेरच्या गल्लीच्या पुढच्याच वळणावर.

"मी जातो आत," बाबा म्हणाले. "मले सवय हाय."

"तुमाले आत जाता येत नाई. देनारी मी हाव, तं आननारी बी मीच."

मी आणि बाबा समोरच्या बंद दुकानाच्या पायरीशी उभे राहिलो. गल्ली इतकी अरुंद की पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. जाळीपुढं पाच-सहा माणसं होती. बाई पाहून त्यांनी वाट दिली, तेही आईला सोसलं नसावं, कारण ती एक पाऊल मागंच सरकली. "काय पाह्यजे, काकू?" दुकानदारानं विचारलं. स्कार्फातून आई काहीतरी पुटपुटली. "ऐकू येऊन नाई राह्यलं, काकू. तोंडावरचं काढा ना जरा."

आईनं स्कार्फ सोडला. बिअरचं नाव सांगितलं, लेबलावर वाचून पाठ केलेलं.

दुकानदार हसला. वाईट माणूस नव्हता, पण हसला. "हे तं शरबत व्हय, काकू. यानं कोनाले काय होते? कोनासाठी पाह्यजे?"

आता सगळेच आईकडं पाहत होते. तिला खोटं सांगता आलं असतं. पाहुण्यांसाठी, केसांना लावायला, काहीही.

"माह्या नवऱ्यासाठी," आई म्हणाली. "दारू सुटून राहिली त्यायची. औषध व्हय हे."

"असं औषध देनारी बायको आमालेही भेटो," रांगेतला एकजण म्हणाला आणि बाकीचे खो खो हसले. आईचे कान लाल झाले. तिनं मान खाली घातली, पण जागा सोडली नाही. बाटल्या पिशवीत पडेपर्यंत ती तिथंच उभी होती. बाबांनी गळ्यातला रुमाल काढून तोंडावर दाबला. "पाह्य, पोरी, मी काय पाळी आनली तुह्या मायवर," ते म्हणाले आणि भर रस्त्यात रडले.

परतीच्या गाडीत पिशवी आईच्या मांडीवर होती. खड्डा आला, बाटल्या वाजल्या. शेजारची बाई म्हणाली, "लोनचं का वो बाई?"

"नाई," आई म्हणाली. "बाटल्या हाय."

बाई थोडी सरकून बसली. हिवरखेड येईपर्यंत आई खिडकीबाहेर पाहत होती.

संध्याकाळी तिनं देवापुढं दिवा लावला आणि दाराची दोन्ही कवाडं भिंतीला टेकवली. ओट्यावर बाबांची खुर्ची ठेवली. मग पिशवीतून एक बाटली काढून ओट्याच्या कठड्यावर उभी केली. ती आडवी करायची सवय तिच्या हाताला इतकी होती की सोडतानाही तिनं ती क्षणभर धरून ठेवली.

"आत बसतो ना मी," बाबा उंबऱ्यातून म्हणाले. "दार लाव वो. लोक पाहून राहिले. मले लाज वाटते."

"मलेही वाटते. बसा."

बाबा बसले. तेवढ्यात मनकर्णाकाकू आल्या, कालची अर्धी राहिलेली बैठक पुन्हा कधी घ्यायची ते विचारायला. फाटकातच थांबल्या. बाटली पाहिली, ग्लास पाहिला, खुर्चीतले बाबा पाहिले.

"मनकर्णाबाई," आई म्हणाली. आवाज सभेतला नव्हता, मला जेमतेम ऐकू येत होता. "औषध व्हय हे, डाक्तरनं देलं. उतरवून राहिलो त्यायची. काल त्यायनं चोरून नव्हतं आनलं. आनलं आमी अन् लपवलं मी. ते माह्यासाठी खोटं बोलले, अन् मी बोलू देलं."

काकूंनी पदर तोंडाला लावला. त्या बाबांकडं पाहतही नव्हत्या. "मंग काल काहून नाई सांगतलं?" त्या म्हणाल्या. "मी थुंकली वो त्यायच्या पायापाशी." आणि बैठकीचं काही न विचारता निघून गेल्या. समोरच्या ओट्यावरची माणसं आपसात काहीतरी बोलायला लागली.

आईनं ग्लास भरला. थोडी फरशीवर सांडली. तिनं नाकाला पदर लावला नाही आणि तोंडही फिरवलं नाही. बाबांकडं पाहत ग्लास पुढं केला. दोन घोटांत संपणारा तो ग्लास त्या दिवशी संपता संपेना, एकेक घोट त्यांच्या घशाखाली उतरायला वेळ घेत होता, आणि रस्त्यानं जाणारं प्रत्येक माणूस मान वळवून पाहत होतं. मला वाटत होतं, जमीन दुभंगावी. आईलाही तेच वाटत असणार. तरी ती संपेपर्यंत त्यांच्यासमोरून हलली नाही.

ग्लास रिकामा झाल्यावर बाबा नेहमीसारखे मोरीकडं जायला उठले. आईनं तो त्यांच्या हातातून घेतला.

"राहू द्या," ती म्हणाली. "मी विसळते."

ती आत गेली. बाटली कठड्यावर उभीच होती, आणि ती उचलायला बाबाही उठले नाहीत, मीही नाही.